हाडांची गोळी आणि छातीतली आग

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत माझा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.८ आला, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. आठवड्याला अ‍ॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅमची एक गोळी सुरू झाली आणि दर रविवारी छातीत आग. आधी मी दोष दिला शेंगाचटणीला. सोलापुरात राहून दुसरं कुणाला देणार?

चूक माझीच होती. चहाच्या घोटाबरोबर गोळी घेऊन मी पुन्हा आडवी व्हायचे. ती अन्ननलिकेत रेंगाळली की तिथंच भाजते. मग उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊ लागले आणि अर्धा तास सिद्धेश्वर तलावाकाठी फेऱ्या. चहा, कॅल्शियम त्यानंतर. जळजळ निम्म्यावर आली, पण गेली नाही.

डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं सुचवली. डेनोसुमॅब दर ६ महिन्यांनी. पण ते मध्येच सोडलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो, आणि माझा विसराळूपणा घरात प्रसिद्ध! म्हणून वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), ड जीवनसत्त्व, दात तपासून घेतले. इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी ताप आला, अंग ठणकलं. डॉक्टरांना विचारून पॅरासिटॅमॉल घेतली. चौथ्या दिवशी भाकरी थापायला उभी राहिले.