जामाईषष्ठी गोव्यातल्या घरी

ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला बंगाली सासू जावयाला जेवायला बोलावते. लेक बंगाल्यांकडे दिली असेल तर हे बोलावणं दरवर्षीचं. आपल्यासारखं अधिकमासाची वाट पाहून तेहतीस अनारशांवर भागत नाही. २०२६ साली ज्येष्ठच अधिक आहे, तेव्हा षष्ठी निज ज्येष्ठातली धरायची.

गोव्यात पहिली अडचण येते ती माशाची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि षष्ठी बहुधा त्याच सुमारास पडते. बर्फातल्या इसवणावर (सुरमईवर) पैसे घालवू नका, इलिशच्या, म्हणजे हिलशाच्या, तर मागेच लागू नका. चोणक घ्या. तो खाडीत, खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतांत) मिळतो, पाळलेलाही येतो, म्हणून बंदीत अडत नाही. शिवाय कोलकात्याच्या लग्नात ज्या भेटकीला मान, तो मासा म्हणजे आपला चोणकच.

विधी छोटा आहे. सासूचा विधी होईपर्यंत उपास, नंतरही त्या दिवशी ती मासळी खात नाही. तबकात धान, दूर्वा, दही, हळदीत रंगवलेला सुती दोरा, विडा-सुपारी आणि पाच-सहा फळं ठेवा: आंबा, फणस, जांभळं, केळी, मिळाली तर लिची. करवंदंही चालतात, बंगालीत त्यांना करमचा म्हणतात. मानकुराद तोवर संपत आलेला असतो, दुसरा कुठलाही गोड आंबा घ्या. जावयाला पाटावर बसवून कपाळी दह्याचा टिळा लावायचा, मनगटाला दोरा बांधायचा, डोक्यावर धान-दूर्वा टाकायच्या. मग ताडपानाचा पंखा पाण्यात बुडवून वारा घालत ‘षाट, षाट, षाट’ म्हणायचं. लेकीलाही तसंच. षष्ठी ही मुलांची राखणदारीण, आपली सटवाई म्हणा ना. तिचं वाहन मांजर, म्हणून त्या दिवशी स्वयंपाकघरात शिरलेल्या मांजरावर हात उगारू नये.

जावई वाकून पाया पडेल, सासूला ‘मा’ म्हणेल. आपण त्याला अहो-जाहो करत राहिलो तर तो अवघडतो. बंगाली सासू जावयाला सरळ ‘तुमी’ म्हणते.

चूक होते ती वाढण्यात. ताटात डावं-उजवं सगळं एकदम मांडून ‘बसा’ म्हणायचं नाही. आधी कडू: शुक्तो (कारलं घातलेली मिश्र भाजी), नाही तर कारल्याच्या तळलेल्या चकत्या. मग डाळ आणि सोबत वांग्याचे काप, पण रवा न लावता, नुसतं हळद-मीठ चोळून. मग भाजी, मग मासा, शेवटी मटण. प्रत्येक पदार्थाला थोडा थोडा भात नव्याने. जाड उकडा तांदूळ त्या दिवशी राहू दे. बारीक तांदूळ पेज काढून मोकळा शिजवा.

चोणकाची पातुरी, म्हणजे केळीच्या पानात बांधून शिजवलेला मासा, अशी. अर्धा किलो काटे काढलेल्या मासळीचे सहा तुकडे करून हळद-मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा. पिवळी मोहरी दोन मोठे चमचे, काळी एक, खसखस एक, सगळं अर्धा तास पाण्यात भिजवा. चार हिरव्या मिरच्या, चिमूटभर मीठ आणि चार चमचे ओलं खोबरं घालून वाटा. सासव (मोहरी-खोबऱ्याचं गोव्याकडचं कालवण) करणाऱ्या हाताला मोहरी वाटणं नवीन नाही, पण सासवात ती चमचाभर असते, इथे मुख्य तीच. म्हणून कडवटपणा लगेच कळतो. कोरडी वाटली, मिक्सर गरम होईपर्यंत फिरवला किंवा काळी जास्त झाली की वाटण कडू होतं. गार पाणी घालून थांबत थांबत वाटा, सालं जास्त दिसली तर गाळून घ्या.

वाटणात तीन चमचे कच्च्या घाणीचं मोहरीचं तेल घाला. इथे ते तापवायचं नाही, उग्र वासच हवा. (तळणीला मात्र धूर येईपर्यंत तापवून जरा निवू द्यावं लागतं.) खोबरेल हा पर्याय नव्हे, त्याने चविष्ट काहीतरी होईल, पातुरी होणार नाही. कोकम, तिरफळंही डब्यातच राहू द्या. केळीचं पान विस्तवावर फिरवून मऊ करा, नाहीतर घडीवर चिरतं. तुकडा वाटणात घोळवून, वर एक उभी मिरची ठेवून पान मुडपा, दोऱ्याने बांधा. झाकण ठेवून मंद तव्यावर प्रत्येक बाजू सहा-सात मिनिटं. जाड तुकडा असेल तर आधी दहा मिनिटं वाफवून मग तव्यावर टाका. पुडी ताटात बांधलेलीच वाढायची, सोडायची जावयाने.

षष्ठी सोमवारी किंवा गुरुवारी आली आणि तुमच्या घरात त्या दिवशी मासळी शिजत नसेल तर आधीच सांगून टाका. शाकाहारी ताट चालतं, ऐन वेळचा खुलासा वाईट दिसतो.

मटणानंतर टोमॅटो-खजुराची गोड चटणी, आणि पापड तिच्याबरोबर. आपल्या सवयीने पापड भाताआधी पुढे केलात तर चटणीच्या वेळेपर्यंत तो संपलेला असतो. मग मिष्टी दोई.