जुनी शोनेन, नवी शोनेन : पेन्सिल घेऊन शेजारी-शेजारी कशी वाचावी

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या वेलांट्या सुधारतो आणि रात्री मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचतो, त्यातही शोनेन, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या. भाची अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती ‘जुजुत्सु काइसेन’ या नव्या मालिकेचे खंड बॅगेत कोंबून आमच्याकडे आली आणि तिसऱ्याच दिवशी फराळाच्या ताटावर आमचं वाजलं. मी म्हणालो, “हल्लीच्या शोनेनमध्ये गोष्टच नसते, नुसती हाणामारी.” ती चकली मोडत म्हणाली, “मामा, तुला गोष्ट नकोय. तुला टीव्हीसमोरची तुझी जुनी संध्याकाळ परत हवीय.”

हे लागलं. मग ठरलं की आठवणीवर भांडायचं नाही, पानं उघडून भांडायचं. चार दिवस गेले, चिवडा संपला. तुमच्याही घरी असा कुणी असेल, तर ही पद्धत करून बघा. पुढे मात्र बऱ्याच मालिकांचे शेवट फुटणार आहेत. बास्केटबॉलवरची ‘स्लॅम डंक’ वाचली नसेल तर आधी ती वाचून या, मी थांबतो.

लागणारं सामान : एक रेघांची वही, पेन्सिल आणि रंगीत चिकटचिठ्ठ्या. पुस्तकावर थेट पेन्सिल चालवायची नाही, कारण पुस्तकं भाचीची असतात आणि ती बोलणं बंद करते.

सगळ्यात आधी जोड्या नीट लावा. इथेच बहुतेक जण फसतात. जुन्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण घ्यायचं आणि नव्यातलं सगळ्यात रटाळ, म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. आम्ही दोन्ही बाजू शक्यतो एकाच साप्ताहिकातून घेतल्या : ‘शोनेन जंप’. ‘ड्रॅगन बॉल’ तिथे 1984 ते 1995 चालली, 519 प्रकरणं. ‘जुजुत्सु काइसेन’ 2018 ते 2024, 271 प्रकरणं. दोन्हीकडे आठवड्याला साधारण पंधरा-वीस पानं आणि मागे वाचकांच्या मतांची तीच टांगती तलवार. मग प्रसंगही सारखा निवडायचा. शिकण्यासमोर शिकणं, मरणासमोर मरण.

शिकण्यापासून सुरुवात करा, तिथे फरक उघडा दिसतो. ‘ड्रॅगन बॉल’मध्ये लहान गोकू आणि क्रिलिन कामेसेन्निन या म्हाताऱ्या गुरूकडे मार्शल आर्ट्स शिकायला जातात. म्हातारा त्यांना काय देतो? पहाटे घरोघर दूध पोचवायचं काम. मग हातांनी शेत नांगरायचं, पाठीवर वीस किलोचं कासवाचं कवच बांधून. एकही गुप्त डाव शिकवत नाही. पुढे कवचाचं वजन चाळीस किलो होतं. महिने जातात, पोरं कवच उतरवून उडी मारतात आणि किती उंच गेलो ते बघून स्वतःच चकित होतात. आपणही होतो, कारण ते दूध आपण त्यांच्याबरोबर वाटलेलं असतं. आणि एवढं होऊन गोकू मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरतो, तेही वेष पालटलेल्या त्याच म्हाताऱ्याकडून!

आता समोर ‘जुजुत्सु’ ठेवा. गोजो हा सगळ्यात ताकदवान गुरू कैदेतून सुटतो, सुकुना या मुख्य खलनायकाशी लढाईची तारीख ठरते 24 डिसेंबर. मध्ये महिनाभराचा अवधी आहे. सगळी मंडळी त्या महिन्यात जिवाचं रान करून तयारी करतात, पण तो महिना आपल्याला बहुतांशी दिसतच नाही. थेट लढाई. मग लढाई ऐन रंगात आली की फ्लॅशबॅक : ‘त्या महिन्यात आम्ही हेही ठरवलं होतं.’ वहीत दोन रकाने करा, ‘कधी घडलं’ आणि ‘कधी छापलं’. शिकणं आधी छापलं असेल तर लढाईत आपण श्वास रोखून बसतो, ते जमेल का म्हणून. नंतर छापलं असेल तर आपण नुसती मान डोलावतो. भाचीचं म्हणणं, लपवल्यामुळे धक्का बसतो. बसतो, कबूल. पण तिनेच आखलेल्या रकान्यात तिसऱ्या फ्लॅशबॅकपुढे तिनेच लिहिलंय : ‘अंदाज आला होता’.

हाच रकाना शक्तीच्या नियमांनाही लावा. ‘हंटर × हंटर’मध्ये नेन ही शक्ती कळते ती पाण्याच्या पेल्यावर. पेल्यावर पान ठेवायचं, दोन्ही बाजूंनी हात धरायचे. नायक गॉनचं पाणी वाढून सांडतं. त्याचा मित्र किलुआच्या पाण्यात काहीच होत नाही, म्हणून तो खट्टू होतो. चाखून बघितलं तर पाणी किंचित गोड. कोण कोणत्या प्रकारात मोडतो ते कळलं, आणि जाता जाता दोघांचे स्वभावही. आता ‘जुजुत्सु’तला हकारी घ्या. त्याची शक्ती पचिंको या जपानी जुगाराच्या यंत्रावर बेतलेली आहे. 239 मध्ये एक अशी जॅकपॉटची शक्यता, आणि तो लागला की 4 मिनिटं 11 सेकंद अमर्याद ऊर्जा. कल्पना झकास आहे, मला हकारी आवडतोही. पण हे नियम येतात लढाईच्या मधोमध, संवादांच्या फुग्यांत बारीक अक्षरात. मी धंद्याने बारीक अक्षर वाचणारा माणूस, तरी दोनदा मागे गेलो. चाचणी अशी : चिकटचिठ्ठी लावून पुस्तक मिटा आणि ती शक्ती आईला दोन वाक्यांत सांगा. पेला-पान आमच्या आईला लगेच कळलं. पचिंकोच्या वेळी ती म्हणाली, “म्हणजे मटका का?”

अंतर मोजण्याचा खेळ पोरांना आवडतो, पण तो जपून खेळा. ‘वन पीस’मध्ये नामी पहिल्यांदा दिसते आठव्या प्रकरणात आणि नायक लुफीला “मदत कर” म्हणते 81 व्या प्रकरणात. लुफी आधी आपली गवती टोपी तिच्या डोक्यावर ठेवतो, मग ओरडतो, “अर्थातच!” त्या टोपीची किंमत आपल्याला पहिल्या प्रकरणापासून माहीत आहे. मधल्या प्रकरणांत नामी चोरी करते, खोटं बोलते, जहाज घेऊन पळून जाते. उलट ‘जुजुत्सु’त नायकाची सहकारी नोबारा 125 व्या प्रकरणात कोसळते आणि परत येते थेट 267 व्यात. अंतर जवळपास दुप्पट, म्हणजे भावना दुप्पट व्हायला हवी. होत नाही, कारण मधल्या 141 प्रकरणांत तिचं असणं किंवा नसणं कुणी नीट वागवतच नाही. म्हणून नुसतं अंतर लिहू नका. त्या अंतरात त्या पात्राने स्वतः कोणता निर्णय घेतला, ते लिहा. नामीपुढे माझी अर्धी वही भरली. नोबारापुढे एक आडवी रेघ.

आता माझा लाडका प्रयोग. चिकटचिठ्ठ्यांचे बारीक तुकडे करा आणि एका लढाईतले सगळे फुगे झाका. ‘स्लॅम डंक’च्या शेवटच्या सामन्यात, सान्नोविरुद्ध, माझ्या चिठ्ठ्या उरल्या, शेवटच्या क्षणांची पानं जवळजवळ निःशब्दच आहेत. साकुरागी हा डंकसाठी, म्हणजे उडी मारून चेंडू थेट जाळीत कोंबण्यासाठी, वेडा झालेला पोरगा. त्याने मध्यंतरी आठवडाभरात वीस हजार साधे शॉट मारून सराव केलेला आहे. त्याच्याच संघातला रुकावा त्याला एरवी कधी पास देत नाही, इथे देतो. साकुरागी डंक न मारता तोच साधा जंप शॉट मारतो. 79-78. आणि जन्माचे वैरी असलेले ते दोघं एकमेकांच्या तळहातावर टाळी ठोकतात. शब्द नाही की फ्लॅशबॅक नाही. शिवाय पुढचा सामना हा संघ हरतो, आणि ती हार लेखक ताकेहिको इनोउए जेमतेम एका वाक्यात उरकतो. एवढा आत्मविश्वास!

समोर ‘जुजुत्सु’चं 235 आणि 236 वं प्रकरण. पहिलं संपताना गोजो जिंकला असं वाटतं. दुसरं उघडतं तेच विमानतळावर, मेलेल्या मित्रांबरोबर गप्पा. शेवटाकडे त्याच्या देहाचे दोन तुकडे. घाव मध्ये कुठे छापलाच नाही. तो कसा बसला ते सुकुना आपल्याला समजावून सांगतो. फुगे झाकले तर गोजो कशाने मेला हे कळतच नाही. इथे भाचीने पहिल्यांदा चकलीची बशी खाली ठेवली. “पण विमानतळ छान आहे,” म्हणाली. आहेच.

इथवर मी जिंकत होतो. मग तिने एक चाचणी सुचवली, ती आता मी सगळ्यात वर ठेवतो : कोण कुणाबरोबर जेवलं ते शोधा. ‘जुजुत्सु’च्याच सुरुवातीच्या खंडांत नायक युजी जुन्पेई या नव्या मित्राच्या घरी जेवायला जातो. आई थट्टा करते, पोरं सिनेमांवर बोलतात. त्या रात्रीनंतर आई जाते, मग महितो हा खलनायक जुन्पेईलाही संपवतो. काही प्रकरणांचा हा पोरगा गोजोपेक्षा जास्त रडवून जातो, एका जेवणाच्या जोरावर. ‘चेनसॉ मॅन’चा पहिला भाग 2018 ते 2020, अवघी 97 प्रकरणं. पण त्यात आकीच्या घरात नायक देन्जी आणि पॉवर हे त्याचे सहकारी राहतात. पॉवर भाज्या खात नाही, अंघोळ टाळते, फ्लश करत नाही. म्हणून आकीचा शेवट येतो आणि त्याच्या मनात तो बर्फाचे गोळे फेकत खेळत असतो, तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागतं. दोन्ही मालिका नव्याच. ‘डेमन स्लेयर’मध्येही जखमी पोरं फुलपाखरांच्या वाड्यात भोपळे फुंकून छाती भरायला शिकतात, तो भाग लढायांइतकाच लक्षात राहतो. तेव्हा माझं ‘हल्लीच्या’ हे पहिलं वाक्य मी वहीत खोडलं. दोष नवेपणाचा नव्हता. गोष्ट वेगात आली की सगळ्यात आधी ताटं उचलली जातात.

शेवटी तीच पेन्सिल जुन्यांवर उलटवा, नाहीतर सगळं फुकट. ‘नारुतो’ 700 प्रकरणं चालली आणि खरी खलनायिका म्हणून कागुया उगवते शेवटच्या पंचवीसेक प्रकरणांत. ‘ड्रॅगन बॉल’मध्ये मेलेली माणसं इतक्यांदा परत येतात की पुढे मरणाची भीती राहत नाही. आणि ज्या स्पर्धेचं मी एवढं कौतुक केलं, ती आली कुठून? सुरुवातीला मालिकेची लोकप्रियता घसरली, संपादक तोरिशिमांनी लेखक तोरियामांना सांगितलं की नायक फिका आहे, म्हणून. म्हणजे मतांचा दबाव तेव्हाही होता. तोरियामांनी त्या दबावाखाली दूध वाटायला लावलं, एवढंच.

एक गोष्ट मात्र बदलली आहे आणि ती वाचताना सांभाळायला हवी. मी ‘ड्रॅगन बॉल’ 42 बांधीव खंडांत, लोळत वाचली. भाचीने ‘जुजुत्सु’ची शेवटची वर्षं मोबाइलवर वाचली, रविवारी रात्री साडेआठला, जपानात मध्यरात्र उलटते तेव्हा आपल्याकडे तेवढे वाजलेले असतात. ‘पुढील अंकी’साठी आठवडाभर थांबायचं आणि मधल्या दिवसांत फुटलेली चित्रं चुकवायची. असं वाचणाऱ्याला दूध वाटण्याचं प्रकरण मिळालं तर तो म्हणणार, आठवडा फुकट गेला. तेव्हा निकाल देण्याआधी अदलाबदल करा. मी ‘जुजुत्सु’चा शिबुया भाग दोन रात्रींत सलग वाचला आणि तो मला कितीतरी बरा वाटला. तिला ‘स्लॅम डंक’ रोज एकच प्रकरण दिलं. पाचव्या दिवशी ती कपाटाची किल्ली शोधत होती.

जाताना ती माझा ‘स्लॅम डंक’चा 31 वा खंड घेऊन गेली. मी तिचा हकारीचा खंड ठेवून घेतला आणि सवयीने चिठ्ठ्यांवर अर्ध्या फुग्यांवर काट मारली, कुठला मजकूर गाळता येईल ते दाखवायला. भाऊबीजेनंतर आठवड्याने तो खंड परत नेताना तिने चिठ्ठ्या पाहिल्या. मुद्रितशोधनात खोडलेला शब्द परत हवा असेल तर त्याखाली टिंबं देतात, हे मी तिला कधीतरी सांगितलं होतं. दोन फुगे सोडून बाकी सगळ्यांखाली तिने टिंबं दिली.