निहोनियमचा कुलवृत्तांत

रत्नागिरीत एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला सेमिनारसाठी मी निहोनियम हे मूलद्रव्य घेतलं होतं. अणुक्रमांक 113, गट 13, थॅलियमच्या खाली, सगळं पाठ करून धडाधड म्हणून टाकलं. सरांनी एकच विचारलं, "अणू मिळाले तीन, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत संपले. मग ते 113 चेच कशावरून?" मला उत्तर येईना.

शनिवारी गुहागरला घरी गेलो. पाऊस लागून राहिला होता. आजोबा पडवीत कुलवृत्तांत उघडून लांबच्या भावकीतलं एक नातं जुळवत होते. ज्याला ओळखतो त्याचा बाप कोण, त्याचा आजा कोण, असं खालून वर जात. मी शेजारी वही घेऊन बसलो आणि तसंच करून पाहिलं.

जपानच्या रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या गटाने जस्त-70 ची अणुकेंद्रं बिस्मथ-209 वर आदळवली. नावापुढचा आकडा वस्तुमानाचा; अणुक्रमांक मात्र 30 आणि 83 मिळून 113. एक न्यूट्रॉन निसटला की उरतो निहोनियम-278. तो अल्फा कण सोडत उतरतो, दर पायरीला 2 प्रोटॉन आणि 4 वस्तुमान कमी: रोंटजेनियम-274, माइटनेरियम-270, बोहरियम-266, डुब्नियम-262. 2004 आणि 2005 च्या दोन्ही साखळ्या इथेच, डुब्नियम दुभंगून थांबल्या. तेवढ्यावर मान्यता मिळाली नाही. मग त्यांनी क्युरियमवर सोडियमचा मारा करून बोहरियम-266 वेगळ्या वाटेने बनवलं आणि त्याची ओळख पक्की केली. 12 ऑगस्ट 2012 ला तिसरा अणू सापडला. या वेळी डुब्नियमनेही अल्फा सोडला, आणि वंशावळ लॉरेन्सियम-258 वरून मेंडेलेव्हियम-254 पर्यंत पोचली. नातवंडं-पतवंडं ओळखीची निघाली म्हणून मूळ पुरुष सिद्ध झाला! 2015 च्या डिसेंबरात मान्यता आली, 2016 मध्ये नाव. नऊ वर्षांत तीन अणू. त्या माणसांच्या चिकाटीपुढे मी आजही नतमस्तक होतो.

"हे कुठलं घराणं रे?" आजोबांनी माझ्या वहीत डोकावून विचारलं. त्यांना ती साखळी समजावताना मला ती खरी कळली.

या विषयात नव्याने येणार असाल तर आधी अल्फा-बीटा क्षय आणि अर्धायुष्याची गणितं हाताने सोडवा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलची तयारी करणाऱ्यांना तर हे हवंच, मुलाखतीत पायाभूत गोष्टीच खोदून विचारतात. दुसरं, तक्त्यांत निहोनियमचा वितळणबिंदू, घनता असे आकडे दिसतील. ते गणिती अंदाज आहेत, मोजमापं नव्हेत. त्याचा सर्वांत टिकाऊ ज्ञात समस्थानिक, निहोनियम-286, त्याचंही अर्धायुष्य 10 सेकंदांच्या आसपास. सेमिनारला वितळणबिंदू किंवा घनतेचा आकडा फळ्यावर लिहिलात, तर शेजारी 'अंदाज' हा शब्दही लिहा.