स्काउट पथकासाठी दीर्घ मुदतीचे उन्हाळी शिबिर कसे निवडावे

वार्षिक परीक्षा संपल्यावर शिबिराची शोधाशोध सुरू करणाऱ्या पथकाच्या वाट्याला इतरांनी नाकारलेली जागा येते. गेली अनेक वर्षे मी सोलापुरातून मुलांना आठ-दहा दिवसांच्या शिबिरांना नेत आलो आहे आणि पुढच्या मे महिन्याच्या शिबिराची जागा या मे महिन्यातच पाहून ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी कोण जाणार ते ठरवावे. कब आणि बुलबुल, म्हणजे स्काउट-गाइडहून लहान वयोगटातल्या मुलांना दोन रात्रींहून अधिक बाहेर ठेवू नये. स्काउट आणि गाइड यांच्यापैकी ज्यांना स्वतःचा तंबू उभारता येतो आणि आपल्या संघापुरता, म्हणजे पथकातल्या आपल्या छोट्या गटापुरता, स्वयंपाक करता येतो, त्यांनाच लांबच्या शिबिराला न्यावे. ही परीक्षा जवळच घेता येते. जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेची धामधूम संपल्यावर नळदुर्गच्या बाजूला दोन रात्रींचा सराव ठेवला की कोण तयार आहे आणि कोणाला आणखी एक वर्ष थांबवावे, हे कळून येते.

दुसरा निर्णय शिबिराच्या प्रकाराचा. आयोजकांच्या तयार शिबिरात जेवण वाढलेले मिळते, तंबू लावलेले असतात आणि मुले रांगेत उभी राहून दोरीवरून घसरण्याची पाळी येण्याची वाट पाहतात. संघनायकाला तेथे कामच उरत नाही. पहिली दोन वर्षे स्वतःच चालवलेले शिबिर घ्यावे, असे मी प्रत्येक नव्या स्काउट मास्तरांना सांगतो. त्यानंतर मोठ्या मुलांसाठी मध्य प्रदेशातल्या पचमढीचा विचार करावा. भारत स्काउट्स आणि गाइड्सचे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र तेथे आहे, साहसी उपक्रमांची संस्थाही तेथेच आहे, आणि सुमारे 1,000 मीटर उंचीमुळे मे महिन्यातही तेथील रात्री सोलापूरपेक्षा पुष्कळ सुसह्य असतात.

आता ज्या टप्प्यावर मी स्वतः चुकलो, त्याविषयी. जागेची पूर्वपाहणी दिवाळीच्या सुटीत करून यावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे आणि मी त्याची किंमत मोजली आहे. सह्याद्रीच्या पायथ्याची एक जागा मी अशाच दिवाळीच्या सुटीत पाहिली होती. विहीर काठोकाठ होती, ओढा वाहत होता, मालक सज्जन होते. मे महिन्यात आम्ही 36 मुले आणि पाच मोठी माणसे तेथे पोहोचलो, तेव्हा ओढ्यात फक्त दगड होते आणि तिसऱ्या दिवशी विहिरीतून गढूळ पाणी येऊ लागले. आम्ही ते गाळून वापरले, पण उकळण्याइतके सरपण प्रत्येक वेळी नव्हते. चार मुलांना जुलाब झाले, दोघांना सलाइन लावावे लागले आणि पाचव्या दिवशी शिबिर आवरावे लागले. मुले बरी झाली. मात्र स्टेशनवर त्यांच्या आईवडिलांसमोर उभे राहताना मला जे वाटले, ते आजही मनातून गेलेले नाही.

तेव्हापासून मी जागा पाहायला मे महिन्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यातच जातो, आणि तेही दुपारी दोनच्या सुमारास. दोरीला दगड बांधून विहिरीतले पाणी किती हात आहे ते मोजतो. जागेच्या मालकाला पाण्याविषयी विचारण्यात अर्थ नाही. पाणी भरायला आलेल्या बायकांना विचारावे की गावात टँकर कोणत्या महिन्यात सुरू होतो. टँकरवर जगणाऱ्या गावात 40 जणांचे शिबिर नेणे म्हणजे त्या गावाच्या हंड्यातले पाणी काढून घेणे होय. पिणे, स्वयंपाक, भांडी आणि अंघोळ धरून मी माणशी रोजचे 20 लिटर मोजतो, म्हणजे 40 जणांना आठ दिवसांत 6,400 लिटर. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरातली आपली मुले काटकसर जाणतात, परंतु त्या सवयीच्या भरवशावर हा आकडा कमी करू नये, कारण दिवसभर चालणाऱ्या मुलाने पाणी कमी पिणे हाच उन्हाळी शिबिरातला मोठा धोका आहे.

त्याच भेटीत सावली पाहावी, आणि ती दुपारची. तंबूंची जागा ओढ्याच्या कोरड्या पात्रात किंवा एकट्या उंच झाडाखाली असेल, तर ती नाकारावी, कारण वळवाचा पाऊस आणि विजा याच दिवसांतल्या असतात. कड्यावर आग्यामोहोळ दिसल्यास चुलीचा धूर तेथवर जातो का, ते तपासावे आणि जात असल्यास दुसरी जागा शोधावी. शेवटी घड्याळ लावून जवळच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत स्वतः गाडीने जावे आणि सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन तेथे उपलब्ध असते का, हे समोर उभे राहून विचारावे. जाण्यास एक तासाहून अधिक वेळ लागला, तर बाकी सर्व उत्तम असूनही मी ती जागा घेत नाही. तंबूच्या जागेवरून रुग्णवाहिकेच्या 108 क्रमांकाला फोन लागेल का, हेही तेथेच कळते.

साहसी उपक्रम बाहेरच्या आयोजकाकडून घ्यायचे असतील, तर राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, ते पाहावे. प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र मागताना नवखे लोक उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचे नाव पाहून समाधान मानतात. बेसिक कोर्स केलेला माणूस चढाई शिकलेला असतो. शिकवण्यासाठी मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन हा वेगळा कोर्स असतो, आणि कड्यावर मुलांचा दोर धरणाऱ्या प्रमुखाकडे तो असलाच पाहिजे. दोर, हार्नेस आणि हेल्मेट हाताळायला मागावेत. कोणी टाळाटाळ केली, तर बोलणे तेथेच थांबवावे.

आठ मुलांमागे एक मोठी व्यक्ती असावी आणि मुली असतील तर गाइड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची प्रमुख, रात्रंदिवस सोबत असावी. जिल्हा कार्यालयाची परवानगी, पालकांची संमतीपत्रे आणि विमा ही कामे ठरलेली आहेत.

प्रवासाचे एकच लक्षात ठेवावे. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी खुले होते, म्हणून मे महिन्याची तिकिटे मार्चमध्ये, खिडकी उघडताच काढावी लागतात. पचमढीसाठी कर्नाटक एक्स्प्रेसने इटारसीला उतरून पिपरियाची गाडी धरावी. पुढे घाटाचा सुमारे 50 किलोमीटरचा रस्ता आहे. वाटेतल्या जेवणासाठी प्रत्येक संघाने कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घरून आणावी, म्हणजे फलाटावरचे काही विकत घ्यावे लागत नाही.