अ‍ॅप म्हणतं जुळलं, कान म्हणतो कणसूर: तंबोरा लावताना या चुका टाळा

ट्यूनर अ‍ॅपचा काटा हिरवा झाला की खुंटी सोडायची आणि मग गायला बसलं की काहीतरी खटकत राहायचं, माझी पहिली दोन वर्षं यातच गेली. दोष गळ्याचा वाटायचा, होता भलतीकडेच.

पहिली गोष्ट, अ‍ॅप गृहीत धरतं की पांढरी सहा (पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, सप्तकातली सहावी पांढरी पट्टी) म्हणजे 440 हर्ट्झ, सेकंदाला 440 कंपनं. तुमच्या पेटीला हे कुणी सांगितलंय का? आधी पेटीची पांढरी सहा अ‍ॅपला ऐकवा, 444 (किंवा खालच्या सप्तकात 222) दिसलं तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये 440 च्या जागी 444 टाका आणि मगच तंबोऱ्याला हात लावा.

दुसरी चूक म्हणजे "दोन हर्ट्झनं काय होतंय". अहो, कुठले दोन ते बघा ना! सप्तक चढलं की हर्ट्झ दुप्पट होतात, म्हणजे सगळा खेळ गुणोत्तराचा आहे, बेरजेचा नाही. पुरुषांच्या काळी एकच्या (पहिल्या काळ्या पट्टीला सा धरणाऱ्या) तंबोऱ्यात जोड, म्हणजे मधल्या दोन सारख्या षड्जाच्या तारा, साधारण 138.6 वर असते आणि खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची जाड तार, त्याच्या निम्म्यावर, 69.3 वर. आता खर्ज दोन हर्ट्झनं चढला तर तो जवळजवळ पाव स्वर वर गेला, तेच दोन हर्ट्झ तार षड्जाला (वरच्या सप्तकातल्या सा ला), 277 वर, त्याच्या चौथाईच भरतात.

जोडीच्या दोन तारा तर अ‍ॅपवर लावूच नका. एक 138.6 आणि दुसरी 139.6 असेल तर सेकंदाला एक लाट ऐकू येते, वॉव... वॉव... अशी. खुंटी हळू फिरवत जा, लाटा लांबत लांबत थांबल्या की जुळलं, कान हे काम फोनपेक्षा बारीक करतो.

आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते गंधाराला, म्हणजे ग ला. तंबोरा नीट लागला की खर्जातून आपोआप गंधार बोलतो, तो खर्जाच्या पाचपट असतो, म्हणजे 346.5. पेटीचा गंधार मात्र 349.2, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला अडीच-तीन लाटा येणारच! (1940 साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीवर बंदी घातली त्यामागे असल्याही तक्रारी होत्या, ते जरा जास्तच झालं म्हणा.) तर पेटीच्या गंधाराला जुळावं म्हणून तंबोऱ्याचा षड्ज पिळू नका, सा आणि प जुळवा, गंधार गळ्यानं तंबोऱ्यातून घ्या. पंचमात मात्र पेटी आणि तंबोरा यांचा फरक इतका कमी की सोडून द्या.

तार सुरात आहे पण आवाज बंद-बंद, मेल्यासारखा येतोय? मग खुंटी पिळून काही होणार नाही, तो जवारीचा, म्हणजे तार घोडीला हलकेच घासून येणाऱ्या गुंजनाचा, प्रश्न. घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखालचा दोरा केसभर मागेपुढे सरकवून बघा, एका जागी तार एकदम खुलते. तरीही नाही खुलली तर घोडी घासून घ्यावी लागते, ते कारागिराचं काम, घरी कानस घेऊन बसू नका, मी बसलो होतो.

तारेत ओवलेला, बारीक सूर जुळवायचा मणी आधीच टोकाला ढकललेला असेल तर बारीक सुधारणेला जागाच उरत नाही, म्हणून सुरुवातीला तो मधोमध ठेवायचा. खुंटीनं तार लावताना थोडी खाली उतरवून मग वर चढवत सुरात आणा, नाहीतर अर्ध्या आलापात ती उतरते. पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या अडकतात, तेव्हा जोर लावून तार तोडण्यापेक्षा खुंटी जरा बाहेर ओढून फिरवा.