फ्लॅप आणखी खाली घेण्याआधी

स्वतः बांधलेल्या छोट्या विमानाचा फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पट्टी, 30 अंशांवरून 40 वर न्यायचा बेत असेल, तर पाना हातात घेण्याआधी मागच्या दहा लँडिंगची वही उघडा. फायनलला, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरताना, वेग किती होता? स्टॉलच्या (ज्या वेगाखाली पंखाची उचल कोसळते त्याच्या) 1.3 पट धरला, तर 36 नॉट्सला स्टॉल होणारं विमान 47 ला आलं पाहिजे. आपण धाकधूक म्हणून पाच वाढवतो, ऊन आहे म्हणून आणखी दोन, आणि झाले 54. तेवढ्याने ब्रेकांवर तिसऱ्या हिश्श्याएवढी ऊर्जा जास्त येते. उलट फ्लॅपने उचल दहा टक्के वाढवली, तरी स्टॉलचा वेग जेमतेम पाच टक्के उतरतो, म्हणजे दोन नॉट्ससुद्धा नाहीत. साध्या फ्लॅपला तीसच्या पुढे उचल थोडी आणि ओढ, म्हणजे हवेचा मागे खेचणारा विरोध, फार. मात्र झाडांवरून जरा तिरपं उतरायचं असेल, तर ती ओढ कामाची आहे.

इंदूरचा हिशेब वेगळा ठेवा. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1850 फुटांवर. मे महिन्यात 40 अंश तापलं की हवा पाच हजार फुटांवरची असावी तशी विरळ होते. वेगाचा काटा 47 दाखवतो, विमान मात्र वारा नसताना जमिनीवरून 51 ने धावतं. हे कुठलाही फ्लॅप बदलत नाही. म्हणून चाचणी उजाडताच, पोहे-जिलबी परतल्यावर.

कागद आधी. कोन बदलणं म्हणजे रचनेत बदल, त्यामुळे डिझायनरला विचारा आणि डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानगीत काय लिहिलंय ते वाचा. अमोल यादवांचं गच्चीवर बांधलेलं विमान 2016 च्या मेक इन इंडियात सगळ्यांनी पाहिलं, नोंदणी मात्र 2017 ची. घाई इथे चालत नाही.

आता हँगरमध्ये. विमान पाणसळीने सपाट करा. मोबाईलचा कोनमापक फ्लॅपच्या पाठीवर एकाच जागी टेकवून आधी शून्य नोंदवा, मग फ्लॅपच्या लीव्हरच्या प्रत्येक खाचेवर दोन्ही बाजू. आमच्याकडे डावा 31 निघाला, उजवा साडेएकोणतीस. विमान उजवीकडे का कलतं, हे कोडं तिथेच सुटलं. मग फ्लॅप पूर्ण खाली ठेवून मागची कड तळहाताने वर दाबा. हवा हेच करणार आहे. कड सरकली, तर लीव्हरला 40 वाटणारा फ्लॅप हवेत 36 च असेल. हा ढिलेपणा काढल्याशिवाय नवीन खाच पाडण्यात अर्थ नाही. फ्लॅप ढकलणाऱ्या पुशरॉडच्या टोकाचं रॉड-एंड बेअरिंग आट्यांवर बाहेर फिरवून कोन वाढवला असेल, तर तपासणीच्या भोकात तार घालून पाहा. तार आरपार गेली, तर आटे पुरेसे धरलेले नाहीत. लॉकनट, स्प्लिट पिन, आणि पुशरॉड कुठे घासत नाही ना, हेही पाहा. स्लॉटेड फ्लॅप (पंख आणि फ्लॅप यांच्यात हवेसाठी फट असलेला) असेल तर फटीचा आकार बिघडू देऊ नका. फट चुकली की प्रवाह सुटतो आणि उचल उलट घटते.

वेगमापकावरही विसंबू नका. नाक वर असताना वेग मोजणारी पिटॉट नळी वाऱ्याला तिरपी होते आणि काटा कमी दाखवतो. तीन दिशांना उडून जीपीएसशी ताळा घ्या. नव्या कोनावर भार वाढतो, त्यामुळे फ्लॅप उघडायची कमाल गती कमी करून पॅनेलवर चिठ्ठी चिकटवा.

पहिलं उड्डाण एकट्याने, जमिनीपासून तीन हजार फूट वर, म्हणजे इथे उंचीमापकात जवळजवळ पाच हजार. एकदम चाळीस नको, आधी 35. स्टॉलकडे हळूहळू जा, कंट्रोलचा दांडा पूर्ण मागे आल्यावरही नाक उचलतं का पाहा, शेपटी थरथरली की थांबा. मग तिथेच गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, करून पाहा: पूर्ण पॉवर, फ्लॅप तसाच खाली, आणि चढाईचा काटा. तो शून्याच्या वर येत नसेल, तर नवी खाच बुजवून टाका.