अलाइनमेंट शिकायला आलात? हिरव्या आकड्यावर थांबू नका

आयटीआय करून मी अमरावती रोडवरच्या एका टायरच्या दुकानात लागलो, तेव्हा मशीनच्या स्क्रीनवरचे चाकांच्या कोनांचे लाल आकडे हिरवे केले की अलाइनमेंट झालं, अशी माझी समजूत होती. घरच्या गाड्यांना ते पुरतंही. मग एक दिवस रॅम्पवर एक बुटकी, दोन सीटांची, मागच्या चाकांवर ओढणारी गाडी चढली. मी सगळं हिरवं केलं. मालक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "गाडी झोपून गेली यार!" उस्तादांनी मला बाजूला घेतलं. "मशीन तं हिरवंच दाखवते. पण ते गाडी कुठं चालवतात, हे विचारलं काय बे तू?"

तेव्हापासून पाना हातात घ्यायच्या आधी मी हाच प्रश्न विचारतो. आपल्याकडे स्पोर्ट्स कारवाले इंटरनेटवरून ट्रॅकचे आकडे घेऊन येतात: पुढे उणे 3 अंश कॅम्बर, टो-आउट वगैरे (या शब्दांचे अर्थ पुढे सांगतो). आता नागपूरहून ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट हजार किलोमीटर आणि तिथली एक फेरी पाच किलोमीटरच्या थोडी वर. वीस फेऱ्या मारल्या तरी शंभरच किलोमीटर होतात. जाण्या-येण्याचे दोन हजार मात्र सरळ हायवेचे. टायर त्या दोन हजारात झिजतो. ट्रॅकचे आकडे ट्रॅकवर पोचल्यावर लावायचे, इथून लावून निघायचं नाही.

कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकलेला असणं; आत झुकला की उणे. वळणावर गाडी कलते आणि बाहेरच्या बाजूचा टायर कडेवर चढू पाहतो. आधीच थोडा आत झुकवून ठेवला की ऐन वळणात तो रस्त्यावर सपाट बसतो. रोज वर्धा रोडने ऑफिसला जाऊन रविवारी घाट शोधणाऱ्याला पुढे उणे 1 ते दीड अंश भरपूर झाला. बऱ्याच गाड्यांत पुढचा कॅम्बर कंपनीने फिरवायलाच ठेवलेला नसतो, ते आधी बघा आणि मालकाला तसं तोंडावर सांगा. कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिलं तर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव. तो वाढला की स्टिअरिंग आपसूक सरळ होतं, पण जड लागतं. तो दोन्ही बाजूंना सारखा ठेवा; एवढं सुरुवातीला पुरे.

खरा खेळ टोचा आहे. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत वळलेली (टो-इन) की बाहेर (टो-आउट). टायर आतून खाल्ला की सगळे कॅम्बरला शिव्या घालतात, पण बहुतेक वेळा चोर टो निघतो. कॅम्बरमुळे वजन आतल्या कडेवर येतं आणि टो चुकीचा असला की तीच कड रस्त्यावर आडवी घासत जाते. पुढे किंचित टो-आउट दिला तर गाडी वळणात पटकन शिरते, पण समृद्धीवर 120 ने जाताना सारखी भटकते. म्हणून मी पुढे शून्याजवळ राहतो. मागे थोडा टो-इन हवाच. मागे टो-आउट झाला तर गाडीचं ढुंगण कधी सुटेल, सांगता येत नाही.

इथेच मी माती खाल्ली. एका गाडीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, मागचा एकूण टो 0.20 अंश. आमची मशीन अंश-मिनिटांत दाखवायची; एका अंशाची 60 मिनिटं. मी प्रत्येक चाकाला 20 मिनिटं लावली. 0.20 अंश म्हणजे 12 मिनिटं, तीही दोन्ही चाकं मिळून. मी दिली 40. गाडी परत आली तेव्हा टायरवर हात फिरवला तर करवतीचे दाते लागले. मागच्या दोन टायरचे पैसे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. "काऊन, आता वाचशील ना नीट?" उस्ताद एवढंच बोलले. एकक काय आणि आकडा एका चाकाचा की दोन्हींचा, हे आजही मी मोठ्याने वाचतो.

क्रम पाठ करा. हवा थंड टायरमध्ये तपासा. मे महिन्यात दुपारी उन्हातून आलेल्या गाडीचा दाब खोटा बोलतो. सस्पेन्शनचे सांधे, म्हणजे बुश आणि बॉल जॉइंट, ढिले असतील तर सेटिंग करूच नका, ते टिकणार नाही. जॅकवरून उतरवल्यावर गाडी दाबून-हलवून सस्पेन्शन बसू द्या. मालक एकटेच चालवत असतील तर त्यांच्या वजनाइतकं काही सीटवर ठेवा. आम्ही सिमेंटचं 50 किलोचं पोतं आणि वर एक स्टेपनी ठेवतो. आधी मागची चाकं, मग पुढची. कॅम्बर आधी आणि टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो.

टेस्टला गाडी डावीकडे जरा ओढली तर लगेच रॅम्पवर आणू नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. उतार नसलेल्या तुकड्यावर पुन्हा बघा.

बिलाच्या मागे मी आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून देतो आणि हजार किलोमीटरनंतर बोलावतो. तेव्हा गेजने नक्षीची खोली आत, मध्ये, बाहेर अशी तीन ठिकाणी मोजतो. मागच्या महिन्यात त्या पहिल्या बुटक्या गाडीचे मालक आले होते. आतली कड अर्ध्या मिलिमीटरने जास्त झिजलेली निघाली. म्हणाले, "राहू द्या, वळणात मजा येऊन राहिली."